घरच्या स्विमिंग पुलाचा स्किमर, ड्रेन आणि पाण्याची पातळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात फार्महाऊसच्या आणि बंगल्यांच्या आवारात छोटे पूल आता नवीन राहिले नाहीत. देखभालीसाठी आम्हाला फोन येतो तेव्हा तक्रार असते मोटारीची, फिल्टरची नाहीतर औषधाची. आमचा उलटा प्रश्न मात्र ठरलेला असतो: पाणी स्किमरच्या तोंडाला कुठवर आहे? बऱ्याचदा फोनवरच काम होतं.

खालच्या उत्तरांत हिशेबासाठी २५ फूट लांब आणि १२ फूट रुंद पूल धरला आहे. अशा पुलात एक इंच पाणी म्हणजे साधारण ७०० लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सारखा लागेल.

स्किमर म्हणजे भिंतीतलं ते चौकोनी भोकच ना? ते करतं काय?

होय, तेच. पाण्याच्या वरच्या थरावर जे काही तरंगतं ते ओढून घेणं, एवढंच त्याचं काम. पानं, किडे, धूळ, अंगाला लावलेलं तेल हे सगळं आधी वरच राहतं आणि भिजून जड झालं की तळाला जातं. तळाला गेल्यावर व्हॅक्यूम मारण्यावाचून इलाज नाही, म्हणून वरच्यावर उचललेलं बरं.

तोंडाशी एक हलणारी झडप असते. मोटार चालू असली की ती आत झुकते आणि तिच्यावरून पाण्याचा फक्त पातळ थर आत जातो. पाणी पातळ थरातून जात असल्यामुळे त्याला वेग येतो आणि लांबचं पानही तिकडे सरकतं. मोटार बंद झाली की झडप तरंगून उभी राहते आणि आत आलेला कचरा परत पुलात जाऊ देत नाही. झडप मोडली म्हणून काढून टाकलेले पूल आम्ही पुष्कळ पाहतो. मालक म्हणतात, मोटार तर चालते की. चालते, पण पाणी वरून ओढलं जात नाही आणि सकाळी कचरा पुन्हा पुलात दिसतो. झडप वेगळी मिळते, ती बसवून घ्या.

पाणी नेमकं कुठवर ठेवायचं?

स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर. नेहमीच्या स्किमरचं तोंड सुमारे सहा इंच उंच असतं. खालून दोन इंच आणि वरून दोन इंच सोडले की मधल्या दोन इंचांत पाणी असलं पाहिजे. तिथे टाईलवर खालची आणि वरची अशा दोन रेघा पक्क्या रंगाने ओढून घ्या. वॉचमनला किंवा माळ्याला इंच समजावत बसण्यापेक्षा रेघ दाखवणं सोपं.

पाणी जास्त झालं तर झडप पूर्ण बुडते. मग स्किमर वरचा थर सोडून खालचं पाणी ओढत राहतो. मोटार मजेत चालते, प्रेशर बरोबर दिसतं आणि पानं मात्र पुलाच्या मधोमध फिरत राहतात. कमी झालं तर प्रकरण जास्त महागात जातं.

पाणी स्किमरच्या खाली गेलं तर काय बिघडतं?

स्किमर पाण्याबरोबर हवा ओढू लागतो. सुरुवातीला आवाज येतो, बाटली उपडी केल्यासारखा गुडगुड. मग परतीच्या नोझलमधून (गाळलेलं पाणी पुलात परत येतं ते तोंड) बुडबुडे दिसतात, फिल्टरवरच्या प्रेशर गेजचा काटा थरथरतो आणि खाली येतो, मोटारीच्या जाळीच्या काचेच्या झाकणाखाली हवेचा फुगा दिसतो. त्यानंतर पाणी पूर्ण थांबतं आणि मोटार कोरडी फिरते. पंपाच्या शाफ्टवरचं मेकॅनिकल सील पाण्यानेच थंड राहतं. कोरडं फिरलं की काही मिनिटांत ते जळतं. मग तिथून पाणी ठिबकायला लागतं आणि ते पाणी मोटारीच्या बेअरिंगपर्यंत पोचतं.

हेच लक्षण पाणी पुरेसं असतानाही दिसू शकतं. तेव्हा तीन गोष्टी बघा: स्किमरच्या आतली कचऱ्याची टोपली, म्हणजे बास्केट, पानांनी गच्च भरली आहे का, झडप वरच्या बाजूला अडकून बसली आहे का, आणि मोटारीच्या जाळीच्या झाकणाची रबरी रिंग नीट बसली आहे का. या रिंगला व्हॅसलिन लावू नका. त्याने रबर फुगून सैल पडू शकतं, त्यापेक्षा सिलिकॉन ग्रीस लावा.

“मोटार फिरतीया की वो, पण पाणी येईना.” आता काय करू?

मोटारीने एअर धरली आहे. आपल्याकडे करंट गेला आणि परत आला की हे हमखास होतं, कारण बऱ्याच फार्महाऊसवर पंप पुलाच्या पाण्यापेक्षा वर बसवलेला असतो. मोटार थांबली की पाईपमधलं पाणी मागे पुलात उतरतं.

आधी मोटार बंद करा. पुलातलं पाणी कमी असेल तर स्किमरचा व्हॉल्व्ह बंद करून मेन ड्रेनचा, म्हणजे पुलाच्या तळातल्या तोंडाचा, उघडा ठेवा. पंपाच्या जाळीचं झाकण उघडून बादलीने पाणी भरा, काठोकाठ. झाकण घट्ट लावा. फिल्टरवरचा हवा सोडायचा नॉब सैल करा आणि मोटार चालू करा. दोन-तीन मिनिटांत पाणी आलं नाही तर बंद करून पुन्हा भरा. वाट बघत चालू ठेवू नका. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर झाकण उघडण्याआधी ओढणारे आणि परतीचे सगळे व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर अख्खी पंपरूम भरेल.

पंपाच्या आधी पाणी मागे जाऊ न देणारा एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की करंट कितीदाही गेला तरी हा व्याप पुष्कळ कमी होतो. टायमरवर चालणाऱ्या पुलाला तर तो हवाच, कारण रात्री मोटार कोरडी फिरतेय हे बघायला कोणी जागं नसतं.

स्किमरच्या तळाला दोन भोकं दिसतात. एक बुजवलेलं आहे. बरोबर आहे का?

बरोबर असू शकतं. एक भोक पंपाकडे जातं. दुसऱ्याला दोन उपयोग आहेत: ते तळाच्या मेन ड्रेनला जोडतात, किंवा भिंतीत फूट-दीड फूट खाली असलेल्या एका तोंडाला. दुसऱ्या जोडणीला इक्वलायझर म्हणतात. पाणी स्किमरच्या खाली उतरलं की आतला फ्लोट-व्हॉल्व्ह वरचा मार्ग बंद करतो आणि पंप खालच्या तोंडातून पाणी घेतो. म्हणजे हवा जात नाही. पण ते भिंतीतलं तोंड जाळीशिवाय उघडं असेल तर धोक्याचं आहे. लहान मुलाचा हात किंवा केस तिथे ओढले जाऊ शकतात. दोन्हींपैकी काहीच जोडलेलं नसेल तर दुसरं भोक बुजवलेलंच असायला हवं.

काही स्किमरना वरच्या बाजूला तिसरं एक तोंड असतं, ओव्हरफ्लोसाठी. आपल्या भागात प्लंबर ते सर्रास बूच मारून सोडतात. खानापूरकडच्या पुलांना हे करणं म्हणजे पावसाळ्याची बेगमी विसरण्यासारखं आहे.

मेन ड्रेन म्हणजे पूल रिकामा करायचं भोक का?

नावामुळे तसं वाटतं, पण घरगुती पुलात ते बहुधा पंपाच्या ओढीलाच जोडलेलं असतं. तळाचं पाणी फिरतं ठेवणं हे त्याचं रोजचं काम.

इथे जरा थांबून वाचा. तळाच्या ड्रेनला एकट्याला पंपाची सगळी ओढ मिळाली आणि त्यावर कोणाचं अंग, हात किंवा केस आले, तर मोठ्या माणसालाही सुटणं कठीण जातं. अमेरिकेत २००२ साली व्हर्जिनिया ग्रॅम बेकर ही सात वर्षांची मुलगी अशाच ओढीत अडकून दगावली. त्यानंतर २००७ मध्ये तिच्याच नावाने तिथे सार्वजनिक पुलांच्या ड्रेनच्या झाकणांविषयी कायदा झाला. आपल्याकडे घरच्या पुलावर बघायला कोणी येत नाही, म्हणून मालकानेच बघायचं.

ड्रेन दोन असावेत, एकमेकांपासून किमान तीन फूट अंतरावर आणि एकाच पाईपला जोडलेले. म्हणजे एक झाकला गेला तरी दुसऱ्यातून पाणी येतं आणि ओढ सुटते. झाकण मधे फुगीर, केस न अडकणारं हवं. ते तडकलं असेल, स्क्रू निघाला असेल तर दुरुस्त होईपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका. पाहुणे आलेत, मुलं हट्ट करताहेत, तरीही नाही. पंपाचा स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

व्हॉल्व्ह किती किती उघडे ठेवायचे?

रोजच्या वापरात स्किमरकडे जास्त, ड्रेनकडे कमी. दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश हे सुरुवातीला ठीक. पानगळीत स्किमर आणखी वाढवा. व्हॅक्यूम मारताना ड्रेन जवळजवळ बंद. पाणी कमी असेल तेव्हा स्किमर बंद आणि ड्रेन पूर्ण उघडा. पण अशा वेळी पुलात कोणी उतरायचं नाही, कारण वर लिहिलेलंच.

पावसाळ्यात पूल ओसंडून वाहतो. उपाय?

बेळगाव शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. कणकुंबीकडे त्याच्या दुपटीहून जास्त, आणि अथणीला निम्माही नाही. त्यामुळे एकाच जिल्ह्यातल्या दोन पुलांना एकच सल्ला देता येत नाही. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर आपल्या हिशेबाच्या पुलात चार इंच पाणी वाढतं, म्हणजे जवळपास २८०० लिटर. मध्यावर असलेलं पाणी एका रात्रीत स्किमरच्या वर. भोवतालच्या फरशीचा उतार पुलाकडे असेल तर त्याहून जास्त, आणि ते पाणी लाल मातीसकट येतं. फरशीचा उतार बाहेर हवा, हे गवंड्याला काम सुरू होण्याआधी सांगावं लागतं.

ओव्हरफ्लोचं तोंड असेल तर बूच काढून पाईप बाहेरच्या गटारीला जोडा, बाहेरच्या टोकाला बेडूक-उंदीर शिरू नयेत म्हणून जाळी लावा. तो पाईप पुलाशेजारच्या शोषखड्ड्यात सोडू नका. तेच पाणी जमिनीतून पुलाच्या भिंतीमागे येऊन उभं राहतं.

ओव्हरफ्लो नसेल तर फिल्टरचा मल्टिपोर्ट (पाण्याचा मार्ग बदलणारा दांड्याचा व्हॉल्व्ह) ‘वेस्ट’वर, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या खुणेवर, घेऊन जादा पाणी काढा. दांडा फिरवताना मोटार बंद हवी, चालू मोटारीत फिरवला की आतली रबरी पट्टी निघते. काढताना पाणी वरच्या रेघेखाली आलं की थांबा. फोन आला म्हणून माणूस आत जातो आणि मोटार निम्मा पूल उपसते, हे दर आषाढात कुठे ना कुठे होतं. क्लोरीनचं पाणी शेजाऱ्याच्या भातात किंवा विहिरीकडे सोडू नये. जोराच्या पावसानंतर पुलातलं क्लोरीन पातळ झालेलं असतं, तेव्हा तपासून पुन्हा १ ते ३ पीपीएमवर आणा आणि पीएच ७.२ ते ७.८ मध्ये आहे ना ते बघा.

पावसाळ्यात कोणी पोहत नाही. चार महिने रिकामाच ठेवला तर?

नको. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी या प्रश्नाची वाटते, कारण विचारणारा निम्म्या वेळा रिकामा करूनच विचारतो.

श्रावणात बेळगाव-खानापूरकडच्या विहिरी कशा काठाला येतात ते आठवा. जांभ्याच्या जमिनीत पाणी झटकन मुरतं आणि भूजल वर चढतं. भरलेल्या पुलातलं पाणी आतून भिंतींना रेटत असतं, म्हणून बाहेरचा दाब जाणवत नाही. आत पाणी नसेल तर बाहेरचं पाणी सगळा पूल खालून उचलू बघतं. फायबरचा पूल अक्षरशः जमिनीबाहेर येतो, आरसीसीचा तडकतो किंवा तळ फुगतो. तळाच्या ड्रेनपाशी दाब सोडणारा हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह असला तर थोडा आधार मिळतो, पण तो कचऱ्याने अडकलेला असेल तर उपयोग शून्य.

पूल रिकामा करायचाच असेल तर मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हाही आधी जवळच्या विहिरीत डोकावा. विहिरीचं पाणी तुमच्या पुलाच्या तळापेक्षा वर असेल तर हात लावू नका.

चिक्कोडी, अथणीच्या काळ्या जमिनीत दुखणं वेगळं. ती माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिथे स्किमर आणि भिंतीचा सांधा हलतो, त्याबद्दल पुढे आहे.

उन्हाळ्यात रोज पाणी कमी होतं. आटतंय की गळतंय?

उन्हाळ्यात ५ ते ८ मिलिमीटर रोज आटणं नेहमीचं. वारा जास्त, हवा कोरडी असेल तर वरच्या टोकाला. ६ मिलिमीटर धरले तर आठवड्याला दीड इंचाहून थोडं जास्त, म्हणजे साधारण ११०० ते १२०० लिटर. याशिवाय बॅकवॉशमध्ये, म्हणजे उलट्या पाण्याने फिल्टर धुताना, पाणी जातं: तासाला १० हजार लिटरच्या पंपाने तीन मिनिटं केलं की ५०० लिटर, पाऊण इंच.

शंका असेल तर बादलीची तपासणी करा. पुलाच्या पायरीवर बादली ठेवा, आत वजनाला दगड टाका, पुलाचंच पाणी बाहेरच्या पातळीइतकं भरा. आत आणि बाहेर दोन्हीकडे खूण करा. २४ तास कोणी पोहायचं नाही, पाणी भरायचं नाही. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर उन्हाने नेलं. पुलातलं जास्त उतरलं तर गळती आहे. मग हीच तपासणी एकदा मोटार चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करा. चालू असताना गळती वाढत असेल तर परतीच्या पाईपलाईनवर संशय, दोन्ही वेळा सारखी असेल तर पुलाच्या अंगावर.

पाणी उतरतं आणि एका जागी येऊन थांबतं. हे कसं?

मग पुलानेच जागा दाखवली आहे! पाणी भोकाच्या खाली गेलं की गळणं थांबतं. स्किमरच्या खालच्या कडेशी थांबलं तर स्किमरचं प्लॅस्टिक आणि सिमेंट यांच्या सांध्यात चीर असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दोन वेगळ्या वस्तू उन्हात वेगवेगळ्या ताणतात, खालची काळी माती हलते, सांधा सुटतो. नोझलशी थांबलं तर नोझल, दिव्याशी थांबलं तर दिव्याचा डबा किंवा त्याच्या वायरचा पाईप.

खात्रीसाठी मोटार बंद करा, पाणी सांध्याच्या वर भरून निवळू द्या आणि चिरेजवळ ड्रॉपरने खायच्या रंगाचे दोन थेंब सोडा. रंग आत ओढला गेला की झालं. पाण्याखाली लागणारी इपॉक्सी पुटी भरली तर बरीच वर्षं जातात. नुसतं पांढरं सिमेंट थापून उपयोग होत नाही, पुढच्या उन्हाळ्यात तेच.

ऊस तोडणीच्या दिवसांत पुलावर काळे तुकडे पडतात. फिल्टर बदलू का?

फिल्टर बदलू नका. निपाणी, चिक्कोडी, अथणीकडे हंगामात पाचट जाळतात आणि काजळी वाऱ्यावर लांब जाते. ती हलकी असते, काही तास तरंगते. पाणी मध्यावर आणि झडप शाबूत असेल तर स्किमरच ती उचलतो. फक्त मोटार काजळी पडल्यावर लगेच चालवा, दुसऱ्या दिवशी नव्हे. बास्केटवर बायकांचा जुना नायलॉनचा मोजा चढवला की बारीक काजळीही अडकते, पण तो रोज धुवा, नाहीतर तोच पाणी अडवेल.

स्किमरमध्ये बेडूक सापडतात. सापही?

बेडूक रोजचेच. कधी पाणदिवड, कधी धामणीचं पिल्लू, आणि कधी नाव न घ्यावं असं काहीही. मोटार बंद करून झाकण काठीने सरकवा, टॉर्च मारा, मगच हात घाला. बेडकांसाठी पुलात तिरकी फळी सोडली तर ते आपले आपण बाहेर पडतात.

क्लोरीनच्या गोळ्या स्किमरच्या बास्केटमध्ये टाकल्या तर चालतील?

सोय म्हणून टाकतात, पण आम्ही नाही म्हणतो. या गोळ्या आम्लधर्मी असतात. मोटार बंद असताना स्किमरमधलं थोडं पाणी त्यात तीव्र होतं आणि मोटार सुरू झाली की ते सरळ पंपात, हीटर असेल तर त्याच्या तांब्यात जातं. तरंगणारा डबा वापरा.

आणि गोळ्या असलेल्या बास्केटमध्ये ब्लीचिंग पावडर किंवा दाणेदार क्लोरीन कधीही टाकू नका. दोन्ही एकत्र आले की आग लागू शकते, स्फोटही होतो. मोजायचा चमचासुद्धा वेगळा ठेवा.

पाणी आपोआप भरायला बॉलकॉक लावू का?

लावा, पण दोन अटींवर. भरणाऱ्या नळाचं तोंड पुलाच्या पाण्यापासून वर राहिलं पाहिजे, नाहीतर नळाचा दाब गेल्यावर पुलाचं पाणी उलटं घरच्या टाकीत ओढलं जाऊ शकतं. दुसरं, महिन्यातून एकदा तो बंद करून बादलीची तपासणी करा, कारण बॉलकॉक गळती झाकतो आणि ती बोअरच्या बिलात दिसते.

बोअरचं पाणी जड असेल तर टाईलवर पातळीच्या रेघेला पांढरा थर धरतो. आटताना पाणी जातं, क्षार मागे राहतात, आणि आपण वरून पुन्हा क्षाराचंच पाणी घालतो. टँकर मागवणार असाल तर हिशेब सोपा: ५००० लिटरच्या एका टँकरने सात इंच.

घरचा गणपती पुलात विसर्जन केला तर?

शाडूची माती इतकी बारीक की वाळूच्या फिल्टरमधून काही दिवस पाणी गढूळच येतं, आणि दुर्वा-फुलं स्किमरची बास्केट तासाभरात गच्च भरतात. पुलाशेजारी मोठा टब ठेवा आणि विरघळलेली माती तुळशीला घाला.

नवीन पूल बांधतोय. स्किमर कुठे बसवू?

वारा जिकडे कचरा ढकलतो त्या टोकाला. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून स्किमर पूर्वेच्या किंवा ईशान्येच्या बाजूला. परतीचे नोझल समोरच्या भिंतीत, किंचित तिरके, म्हणजे पाणी गोल फिरून स्किमरकडे येतं. ४०० चौरस फुटांपर्यंत एक स्किमर पुरतो, त्यापुढे दोन. काठोकाठ पाणी असलेला ओव्हरफ्लो पूल दिसायला देखणा, पण त्याला भोवती नाली आणि त्या नालीतलं पाणी साठवायला वेगळी बॅलन्सिंग टाकी लागते. ती टाकी कोरडी पडली की मोटारीची अवस्था वर लिहिलेलीच. आणि आंबा, फणस, गुलमोहर यांच्या खाली पूल खोदू नका. आर्किटेक्टच्या चित्रात ते फार छान दिसतं.